पाम टीएक्स, डेल ॲक्झिम की सायन: जुना खिशातला संगणक घेण्याआधी

जुना खिशातला संगणक घ्यायचा म्हटला की बहुतेक जण पडदा बघतात, मग बॅटरी विचारतात आणि शेवटी ओरखडे मोजतात. आधी विचारायला हवं ते वेगळंच: यात फाइल जाणार कशी आणि बाहेर येणार कशी? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ही यंत्रं अजून चालू होतात, पण त्यांना संगणकाशी जोडणारं सॉफ्टवेअर मात्र जुनं पडलं आहे. सेकंडहँड बाजारात अजून नजरेस पडणारी तीन यंत्रं इथे घेतली आहेत: पाम टीएक्स (२००५), डेल ॲक्झिम एक्स५१व्ही (२००५) आणि सायन सीरिज ५एमएक्स (१९९९). सायन ही ब्रिटिश कंपनी. माटुंग्यानंतर येणाऱ्या स्टेशनाशी तिचा संबंध नाही.

फाइल म्हणजे काय, इथपासूनच मतभेद

तिघांत सर्वांत सोपा ॲक्झिम. त्यात विंडोज मोबाइल ५ आहे, म्हणजे फोल्डर, उपफोल्डर, कॉपी-पेस्ट सगळं ओळखीचं. स्टार्ट, प्रोग्राम्स, फाइल एक्सप्लोरर असं जायचं आणि फाइलवर लेखणी टेकवून धरायची. राइट-क्लिकचा मेनू उघडतो. प्रोग्राम बसवायचा तर त्याची कॅब फाइल (प्रोग्राम बसवणारी फाइल) यंत्रात टाकून तिच्यावर टिचकी मारायची. एक खोड लक्षात ठेवा: प्रोग्राम बसला की ती कॅब फाइल पुसली जाऊ शकते, म्हणून मूळ प्रत संगणकावर ठेवावी. सोबत आलेला फाइल एक्सप्लोरर अगदीच साधा आहे. टोटल कमांडर या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामची या यंत्रांसाठीची फुकट आवृत्ती पहिल्याच दिवशी बसवून टाका.

पामच्या आतल्या स्मृतीत आपण समजतो तसे फोल्डर नसतात. तिथे सगळे डेटाबेस: प्रोग्रामसाठी पीआरसी, माहितीसाठी पीडीबी. प्रत्येकाला चार अक्षरांची निर्माता-खूण असते आणि तिच्यावरूनच कुठली माहिती कुठल्या प्रोग्रामची ते पामला कळतं. एखादी वर्ड किंवा पीडीएफ फाइल आतल्या स्मृतीत तशीच टाकून देता येत नाही. ती मेमरी कार्डावर मात्र ठेवता येते, कारण कार्डावर नेहमीची फाइल-व्यवस्था चालते. डॉक्युमेंट्स टू गो हा प्रोग्राम टीएक्ससोबतच येत असे आणि तो कार्डावरची वर्ड फाइल थेट उघडतो. आतले डेटाबेस बघायला, हलवायला, पुसायला फाइलझेड हा मोफत प्रोग्राम घ्या. पण त्यातून नाव माहीत नसलेलं काही पुसू नका. नको असलेला प्रोग्राम मुख्य पडद्याच्या मेनूतल्या डिलीटने काढला की त्याच खुणेचे बाकीचे डेटाबेसही जातात.

सायनमध्ये ड्राइव्ह आहेत: सी म्हणजे आतली १६ एमबी रॅम, डी म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, झेड म्हणजे रॉम. फोल्डर हवे तितके करा. अडचण फाइलच्या स्वरूपाची आहे. सायनच्या वर्डमध्ये जपून ठेवलेली फाइल आपल्या संगणकाला वाचता येत नाही. त्यामुळे लिहून झालं की फाइल मेनूतून ती साध्या मजकुराच्या रूपात डी ड्राइव्हवर काढायची. ही एक सवय लागली तर सायन सुरळीत चालतो. नाही लागली तर महिन्याभराचं लिखाण यंत्रातच अडकून पडतं.

केबलचा नाद सोडा

पामची हॉटसिंक केबल (संगणकाशी माहिती जुळवणारी) ६४-बिट विंडोजवर तशी चालत नाही, कारण पामने त्यासाठी ड्रायव्हर काढलाच नाही. असिका कंपनीचा ड्रायव्हर बऱ्याच पामना चालतो. लिनक्सवर त्यासाठी पायलट-लिंक हा प्रोग्राम आहे. ॲक्झिमला संगणकावर विंडोज मोबाइल डिव्हाइस सेंटर हा प्रोग्राम लागतो. विंडोज १० वर तो बसतो, पण अनेकदा उघडतच नाही. तेव्हा विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन नावात विंडोज मोबाइल असलेल्या दोन्ही सेवांचं लॉग-ऑन ‘लोकल सिस्टिम अकाउंट’ करायचं आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. सायनची केबल सीरियल पोर्टची. वेग जास्तीत जास्त सेकंदाला ११५२०० बिट, म्हणजे एक एमबी जायला दीडेक मिनिट, आणि वर यूएसबी-सीरियल अडॅप्टर शोधा.

या खटाटोपापेक्षा कार्ड बरं. पाम आणि ॲक्झिमला एसडी कार्ड लागतं, पण दुकानात आज मिळणारं ३२ किंवा ६४ जीबीचं नव्हे. २ जीबीपर्यंतचं जुनं साधं एसडी शोधा, संगणकावर ते फॅट पद्धतीने फॉरमॅट करा; फॅट३२ किंवा एक्सफॅट निवडू नका. मोठं कार्ड घातलं तर यंत्र ‘कार्ड ओळखता येत नाही’ म्हणतं आणि माणूस उगाच खाच खराब झाली असं समजतो. सायनला कॉम्पॅक्ट फ्लॅश, आणि तिथे १२८ किंवा २५६ एमबी रग्गड झालं. कॉम्पॅक्ट फ्लॅशचा यूएसबी रीडर मात्र वेगळा घ्यावा लागेल.

पामसाठी कार्डावर रोमन लिपीत पाम नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत लाँचर नावाचा फोल्डर करा. पीआरसी फाइली त्यातच टाका. दुसरीकडे कुठे टाकल्या तर मुख्य पडद्यावर त्या दिसणारच नाहीत, आणि ‘कार्ड रिकामं दाखवतंय’ अशी तक्रार येते ती बहुधा यामुळेच. दिसल्या की मेनूतल्या कॉपीने आत घ्या. ॲक्झिममध्ये प्रोग्राम कार्डावर न बसवता आतल्या फ्लॅशमध्ये बसवलेले बरे: यंत्र झोपेतून उठल्यावर कार्ड ओळखायला त्याला क्षण-दोन क्षण लागतात आणि तेवढ्यात प्रोग्राम आपली फाइल शोधून हात टेकतो. सायनच्या कार्डाचं झाकण उघडलं की ड्राइव्ह लगेच सुटतो, म्हणून डीवरची उघडी फाइल आधी बंद करा.

बॅटरी संपली तर?

टीएक्स आणि ॲक्झिम एक्स५१व्ही दोन्ही माहिती फ्लॅशमध्ये ठेवतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी फाइली राहतात. त्याआधीच्या पिढीतली स्वस्त यंत्रं, जसं पाम टंगस्टन ई किंवा विंडोज मोबाइल २००३ वाली, सगळं रॅममध्ये ठेवतात, म्हणजे बॅटरी उतरली की सगळं गेलं. ‘तसंच आहे, फक्त थोडं जुनं’ असं विक्रेता म्हणाला तर नेमका हा फरक तपासा. सायनचाही सी ड्राइव्ह रॅमच, पण तो दोन पेन्सिल सेलांवर चालतो आणि सेल बदलताना सीआर२०३२ बटण-सेल माहिती सांभाळतो. दोन्ही एकदम काढले की सगळं गेलं. सेल गल्लीतल्या दुकानात मिळतात, हे सायनचं मोठं सुख. टीएक्सची बॅटरी आत बंद असते, ती बदलायला यंत्र खोलावं लागतं. ॲक्झिमची बाहेर निघते. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर यंत्र घेऊच नका.

विकत घेताना सायन तीन-चारदा उघडून मिटून पाहा. पडद्याकडे जाणारी पट्टीदार केबल बिजागरीपाशी तुटते, मग पडद्यावर रेघा येतात किंवा ठरावीक कोनातच चित्र दिसतं. हा त्याचा प्रसिद्ध आजार आहे आणि दुरुस्ती नाजूक. पाममध्ये लेखणी टेकते तिथून टिचकी सरकलेली लागत असेल तर आधी सेटिंगमधून डिजिटायझर (पडद्यावरचा स्पर्श ओळखणारा थर) जुळवून पाहा. त्यानेही सुधारलं नाही तर सोडून द्या. प्रोग्राम बसवल्यापासून पाम सारखा रिसेट होत असेल तर पडद्याखालच्या दिशा-बटणाची वरची बाजू (चालू-बंदचं बटण नव्हे) दाबून धरून रिसेट करा: तसं केलं की बाहेरचे प्रोग्राम सुरुवातीला चालत नाहीत, आणि दोषी फाइल पुसता येते.

मराठीचं काय?

इथे तिघेही नापास, पण वेगवेगळ्या टक्क्यांनी. पाम आणि सायन युनिकोड जाणतच नाहीत. मराठीची मजकूर-फाइल उघडली की विचित्र लॅटिन अक्षरांची रांग दिसते. ॲक्झिम युनिकोड जाणतो, देवनागरी फाँट टाकला तर अक्षरं उमटतात, पण जोडाक्षरं जुळत नाहीत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मराठी वाचायचंच असेल तर संगणकावर पानांची चित्रं करून कार्डावर टाका. ॲक्झिमच्या ४८० × ६४० ठिपक्यांवर ती बरी वाचता येतात, टीएक्सच्या ३२० × ४८० वर डोळे ताणावे लागतात.

वाय-फायवर भरवसा ठेवून यातलं कुठलंच घेऊ नका. आजच्या बहुतेक संकेतस्थळांची सुरक्षित जोडणी या ब्राउझरांना झेपत नाही.

पत्ते, नोंदी, दिनदर्शिका आणि झटपट चालू होणारं यंत्र हवं असेल तर टीएक्स. पीडीएफ, चित्रं, फोल्डरांची उतरंड आणि मराठी पानं पाहायची असतील तर ॲक्झिम. त्यात कोपऱ्यातला एक्स दाबल्यावर प्रोग्राम बंद होत नाही, फक्त मागे जातो, म्हणून यंत्र मंदावलं की सेटिंग्ज, सिस्टिम, मेमरीमध्ये जाऊन चालू प्रोग्राम थांबवायचे एवढी सवय लागेल. इंग्रजीत लांबलचक लिहायचं असेल, दहा बोटांनी, प्रवासात, तर सायनच्या कीबोर्डाला या दोघांकडे उत्तर नाही. तो घ्या, पण कॉम्पॅक्ट फ्लॅश रीडर त्याच दिवशी घ्या.