आठवीच्या वर्गात अस्सल कागदपत्रांवरून अमेरिकेचा इतिहास : वर्षभराच्या वापरानंतर

अमेरिकेतील शाळेत आठवीला इतिहास शिकवताना गेले शैक्षणिक वर्षभर मी ‘रीडिंग लाइक अ हिस्टोरियन’ या नावाचे, स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले विनामूल्य पाठ वापरत आहे. प्रत्येक पाठ एका प्रश्नाभोवती बांधलेला असतो आणि त्याचे उत्तर मुलांनी जुनी कागदपत्रे ताडून, पुराव्यानिशी द्यायचे असते. पाठ्यपुस्तकातले विधान कशाच्या आधारावर उभे आहे हे मुलांना दिसावे, यासाठी याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

सर्वांत रंगतो तो लेक्झिंग्टनचा पाठ. १९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील त्या गावात ब्रिटिश सैन्य आणि स्थानिक वसाहतकरी यांच्यातल्या ज्या चकमकीने अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले, तिच्यात पहिली गोळी कोणी झाडली, एवढाच प्रश्न. ब्रिटिश अधिकारी जॉन बार्कर रोजनिशीत लिहितो की, आम्ही जवळ जाताच समोरच्यांनी एक-दोन गोळ्या झाडल्या आणि आमचे शिपाई हुकुमाची वाट न पाहता त्यांच्यावर तुटून पडले. उलट ३४ स्थानिकांनी २५ एप्रिलला शपथेवर सांगितले की, आम्ही पाठ फिरवून पांगत असताना सैन्याने गोळीबार केला. मुले आधी सरळ स्थानिकांची बाजू घेतात. मग कोणाच्या तरी लक्षात येते की ही जबानी सहा दिवसांनी, सर्वांनी मिळून दिलेली आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने त्याहून बारीक गोष्ट पकडली : आपले शिपाई इतके बेभान झाले होते की हुकूम ऐकेनात, हे बार्कर स्वतःच कबूल करतो, मग स्वतःच्या सैन्याला कमीपणा आणणारी गोष्ट लिहिणाऱ्याचे बाकीचे म्हणणे सहज झटकून टाकता येईल का? तेरा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न विचारावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

पोकाहॉन्टस या अमेरिकेतील मूलनिवासी मुलीवरचा पाठही चांगला आहे. तिने इंग्रज वसाहतकरी जॉन स्मिथचे प्राण वाचवल्याचा प्रसंग त्याच्याच १६०८ च्या वृत्तांतात नाही, १६२४ च्या ग्रंथात मात्र आहे. समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला यातली मेख लगेच कळेल.

हे पाठ पूरक आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट (ब्रिटिशांनी वसाहतींतल्या छापील कागदांवर लादलेला कर) आणि १७७४ मध्ये ब्रिटिशांनी केलेली बॉस्टन बंदराची नाकेबंदी आधी शिकवली नसेल, तर लेक्झिंग्टनची कागदपत्रे अधांतरी राहतात. सोपी केलेली भाषाही नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांना जड जाते, म्हणून मी मजकूर मोठ्याने वाचून घेते आणि एक पाठ दोन तासांत विभागते. ‘प्रत्येकाची आपापली बाजू असते’ एवढ्यावर चर्चा थांबू देणे सर्वांत घातक. गुलामगिरीच्या विषयात तर मालकाचे समर्थन आणि गुलाम केलेल्या माणसाची साक्ष ही एकाच तोलाची दोन मते नव्हेत, हे शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

नव्याने वापरणाऱ्यांनी प्रत्येक कागद स्वतंत्र पानावर छापावा आणि मजकुराआधी लेखकाचे नाव, तारीख व लिहिण्याचे निमित्त मुलांकडून वाचून घ्यावे.