टॅक्सचं ॲप की फोंड्याच्या सीए मॅडम? गोव्यात लग्न झालं असेल तर आधी हे वाचा

दोन वर्षांत तीन प्रकारे इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून झालं. आधी एक पैसे घेणारं ॲप, मग आमच्या फोंड्यातल्या सीए मॅडम आणि २०२५ ला सरकारी पोर्टलवर माझं मी. तिन्हींबद्दल लिहिते, कारण पुण्या-मुंबईचे लोक "सीए कशाला, ॲपवर दहा मिनिटांत होतं" सांगतात ते त्यांच्यासाठी खरंच आहे, पण गोव्यात लग्न झालेल्यांसाठी नाही, आणि हे आम्हाला कोणी वेळेवर सांगितलंच नव्हतं.

आमचं असं आहे. मी हायस्कूलमध्ये शिकवते, पगार वर्षाला ८ लाख. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत, त्यांचा साडेबारा. म्हापशाचा फ्लॅट त्यांच्या नावावर, तो महिना २० हजारांनी भाड्यानं दिलाय, आणि एफडीपण त्यांच्याच नावावर, वर्षाचं व्याज ९० हजार. जुलै २०२४ ला दोघांचं रिटर्न त्या ॲपवर भरलं. ॲप दिसायला छान, फॉर्म १६ ची (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीकडून मिळणारा दाखला) पीडीएफ टाकली की आकडे आपोआप भरतात, जुनी टॅक्स पद्धत बरी की नवी तेही लगेच दाखवतं. दोघांना आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, काढून दिला, पैसे हजाराच्या आत घेतले, अर्ध्या तासात सगळं आटपलं आणि मी खूश.

दिवाळीनंतर स्टाफरूममध्ये एका सीनियर बाईंनी विचारलं, "तू फाईव्ह ए भरलंस ना गो?" मला माहीतच नाही ते काय.

तर ते असं की गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड, १९६१ ला मुक्ती झाली तरी कुटुंबाचा कायदा तोच राहिला, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना एकच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. हे आपल्याला जमिनीच्या कागदांमुळे माहीत असतं, भाट (नारळी-पोफळीची बाग) विकायला काढलं की बायकोची सही लागतेच. पण इन्कम टॅक्सलाही हेच लागू आहे. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं ते कलम ५ए, १९९४ ला आणलं पण १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं. त्याप्रमाणे पगार ज्याचा त्याचा, बाकी भाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेला फायदा, सगळं दोघांत अर्धं अर्धं धरायचं, कागदावर नाव कोणाचंही असो. आणि असं उत्पन्न वाटायचं असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. साधं बचत खात्याचं व्याज असलं तरी तेही वाटण्यात येतं, म्हणजे विचार करा किती जण चुकीचा फॉर्म भरत असतील.

ॲपनं यातलं काहीच विचारलं नव्हतं, मी परत सगळे स्क्रीन उघडून बघितले. चॅटवर त्यांच्या एक्स्पर्टला विचारलं तर म्हणाला, मॅडम लग्नाचा टॅक्सशी काय संबंध. तो चांगलं बोलत होता, पण गोव्याचं त्याला ठाऊकच नव्हतं.

मग सीए मॅडमकडे. त्यांनी फॉर्म १६ बघायच्या आधी विचारलं, "लग्न गोव्यातच रजिस्टर झालं ना? लग्नाआधी काही करार?" नाही म्हटल्यावर "मग दोन्ही रिटर्न रिव्हाइज करूया, ३१ डिसेंबरपर्यंत मुदत आहे, घाबरू नकोस बाय." आणि कागदावर हिशोब मांडून दाखवला. भाडं २,४०,०००, त्यातून कायद्यानं मिळणारे ३० टक्के वजा जाऊन उरले १,६८,०००, त्यात व्याज ९०,०००, एकूण २,५८,०००. अर्धे माझे, १,२९,०००. ॲपनं हे सगळंच्या सगळं मिस्टरांच्या नावावर लावलं होतं, तिथं त्या वर्षी २० टक्क्यांचा स्लॅब, माझा १० टक्क्यांचा. सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर) धरून त्यांचा टॅक्स २६,८३२ नी कमी झाला आणि माझा १३,४१६ नी वाढला. बँकेनं व्याजावर आधीच कापून भरलेला ९,००० टॅक्स, म्हणजे टीडीएससुद्धा, अर्धा माझ्याकडे आला. म्हणजे घरात १३,४१६ रुपये वाचले, मॅडमची दोघांची फी ५,०००. पण पैसे वाचले ते सोडा, उलटंही होऊ शकतं, बायकोचा पगार जास्त असेल तर टॅक्स वाढेलही, तरी वाटायचं म्हणजे वाटायचंच, ती सवलत नाही, कायदाच आहे.

२०२५ ला मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती (शेवटी आणखी एक दिवस मिळाला), पण मला चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी मोकळं व्हायचं होतं, माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळापानांची सजावट) बांधायच्या गडबडीत हे डोक्यात नको. मॅडमनी भरलेलं आधीचं रिटर्न समोर ठेवून, ते बघत पोर्टलवर स्वतः आयटीआर-२ भरला. पोर्टल फुकट आहे आणि त्यात सुरुवातीच्या माहितीतच सरळ विचारलंय की पोर्तुगीज सिव्हिल कोड तुम्हाला लागू आहे का. हो केलं की शेड्यूल ५ए (वाटणीचा तक्ता) भरायचं, त्यात जोडीदाराचं नाव, पॅन, आधार आणि प्रत्येक प्रकारचं उत्पन्न, टीडीएस आणि त्यातलं जोडीदाराकडे किती गेलं. मात्र वाटणी आपली आपणच करायची. एफडीचं व्याज ज्याच्या पॅनवर आहे त्याच्याकडे पूर्ण भरून येतं, आमचं भाडं तर आलंच नव्हतं. दोघांची रिटर्न शेजारी शेजारी ठेवूनच भरा, एकाकडे अर्धं काढलं आणि दुसऱ्याकडे घालायचं राहिलं तर नोटीस यायची भीती. मला दोन संध्याकाळी लागल्या. सबमिट करायच्या आधी मॅडमकडून तपासून घेतलं, १,५०० घेतले, टीडीएसच्या रकान्यात माझी एक चूक निघाली.

माझं मत विचाराल तर लग्न झालं नसेल आणि फक्त पगार असेल तर कोणालाच पैसे देऊ नका, पोर्टलवर भरा. लग्न झालंय तर पहिलं वर्ष गोव्यातल्याच सीएकडे जा, पुढं तेच बघून स्वतः भरता येतं. दुकान किंवा धंदा असेल तर दरवर्षी सीएच बरा, ॲपच्या नादी लागू नका.

आणि सीए निवडताना फोनवरच विचारा, शेड्यूल ५ए भरता का, आणि दोघांची रिटर्न एकत्र बघणार का. "त्याची काही गरज नाही" म्हणाला तर दुसरा बघा. पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा, कितीतरी ठिकाणी ऑफिसातल्या माणसाचा नंबर घालून ठेवतात, मग नोटीस आली तरी आपल्याला कळत नाही. माझ्या मॅडमनी ओटीपी माझ्याच फोनवर मागवला, ई-व्हेरिफाय (रिटर्न आपणच भरलं हे ऑनलाइन नक्की करणं) ३० दिवसांत करायचं असतं तेही समोर बसवून करून घेतलं. धाकट्या दिराचं लग्न डिसेंबरात आहे, त्याला मॅडमचा नंबर आत्ताच देऊन ठेवलाय.