लघुप्रबंधाला कुठला देश: नायजेरिया की बोट्सवाना?

भाचीला एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘खनिज भरपूर, तरी गरिबी’ हा विषय मिळालाय आणि गाडी दोन देशांवर अडली आहे. रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पोहे खाताना झालेली चर्चा इथे लिहितो. तिच्यासारखे आणखीही असतील.

बोट्सवानाची गोष्ट सरळ आहे. 1966 मध्ये स्वातंत्र्य, तेव्हा गणना सर्वांत गरीब देशांत. 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांच्या सरकारने त्याच वर्षी कायदा केला: जमिनीखालचं धन टोळीप्रमुखांचं नाही, देशाचं. पुढे डी बिअर्स या हिरेकंपनीबरोबरच्या भागीदारीतल्या कंपनीत निम्मा वाटा घेतला, शाळा-रस्ते केले. उत्तर तयारच आहे. मार्गदर्शकांनी ते दहादा वाचलं असणार. शिवाय जेमतेम 25 लाख लोकांच्या घराचा हिशोब नायजेरियाच्या 20 कोटींच्या वरच्या खटल्याला लावायचा कसा? नवी मेख आहे ती प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांची. ते आपल्या सुरतेतही बनतात, आणि त्यांनी खाणीतल्या हिऱ्याचा भाव पाडलाय. 1966 पासून सत्तेत असलेला पक्ष 2024 मध्ये हरला. हे लिहायचं असेल तरच बोट्सवाना घ्या.

नायजेरियात सगळाच गुंता. 1956 मध्ये ओलोइबिरीला तेल लागलं. पैसा आला तसं शेतीकडे दुर्लक्ष झालं. कानोत शेंगदाण्याच्या पोत्यांचे डोंगर रचायचे, तेही गेले. नायजर नदीच्या मुखाकडचा प्रदेश तेलगळतीने नासला. त्यावर बोलणाऱ्या केन सारो-विवांना 1995 मध्ये फाशी झाली. प्रत्येकाचा वेगळा प्रबंध होईल.

मी मात्र रिफायनरीवर थांबलो. आपली बडोद्याजवळच्या कोयलीची 1965 ची, नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टची पहिलीही 1965 चीच. कोयली वाढत गेली. तिकडच्या सरकारी रिफायनऱ्या रखडत, बंद पडत गेल्या, आणि कच्चं तेल विकणारा देश पेट्रोल बाहेरून आणू लागला. पंपावर ते स्वस्त, वरचा फरक सरकार आयातदाराला देणार. मग रिफायनरी चालावी असं वाटणार कुणाला? मे 2023 मध्ये अनुदान काढलं, भाव काही दिवसांत दुपटीच्या वर गेला. 2024 मध्ये लागोसजवळ उद्योगपती दांगोटेंची खासगी रिफायनरी सुरू झाली.

आकडे मिळवायला बोट्सवाना सोपा, हे खरं. तरी माझं मत नायजेरियाला, तेही एवढ्याच तुकड्यापुरतं. भाची म्हणाली, “मामा, आमच्या गोरव्याच्या गच्चीवरून रात्री कोयलीची ज्वाळा दिसते.” म्हटलं, पहिलं पान तिथेच बसून लिही.