पीएफचं ऑनलाइन पासबुक: तीन वर्षं वापरतोय, प्रत्येकाने बघावंच

ईपीएफओचं (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पासबुक मी तीन वर्षं दर महिन्याला उघडतोय, उमंग ॲपवर पण दिसतं, यूएएन (आपला पीएफचा कायमचा नंबर) ॲक्टिव्ह असला की झालं. त्याआधी फक्त सॅलरी स्लिप बघायचो, पीएफ २,१६० कापला, विषय संपला. पण स्लिपवर कापले म्हणजे खात्यात भरले असं नसतं ना, आणि कंपनीने आपल्या बाजूने किती टाकले ते इथेच कळतं.

माझं बेसिक १८,०००, डीए नाही. माझे १२ टक्के म्हणजे २,१६०, कंपनीचे पण १२ टक्के. पण पहिल्यांदा पासबुक उघडलं तर कंपनीच्या रकान्यात फक्त ९१०! तणतणत एचआरकडे गेलो, तर मॅडमनी शेजारच्या पेन्शनच्या रकान्यावर बोट ठेवलं, १,२५०. कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन स्कीमला जातात आणि ते १५,००० पगार धरूनच, उरलेले पीएफला. व्याज २,१६० आणि ९१० वर मिळतं, त्या १,२५० वर नाही. जॉइन होताना हे कुणी सांगतच नाही हो.

कंपनी ईडीएलआय विम्याचे पण वेगळे भरते, महिन्याला जास्तीत जास्त ७५ रुपये, आपल्याकडून त्याला एक पैसा जात नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, तेव्हा ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, कृपया भरून ठेवा.

गेल्या वर्षी खरा उपयोग झाला. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, नोंद दिसायला थोडे दिवस जातात ते मान्य, पण आमच्याकडे सलग दोन महिने स्लिपवर कपात आणि पासबुक कोरं. दोन्हीच्या प्रिंट काढून अकाउंट्सच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आठवड्याभरात भरले. आपल्या घामाचे पैसे आहेत, विचारायला लाजायचं कशाला?

माझ्याकडून पाचपैकी पाच. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत चौघांना त्यांच्या फोनवर पासबुक उघडून दिलं, एकाची जन्मतारीख आधारवर वेगळी आणि पीएफला वेगळी निघाली, आता आधी त्याच्या मागे लागलोय.