पहिले चार दिवस कुठे चालावेत: मंगळवेढ्यावरून पंढरपूर, की राजगड-तोरणा?

नर्मदा परिक्रमेचा एखादा टप्पा असो की हिमालयातली दहा-बारा दिवसांची वाट, सॅक पाठीवर घेऊन लांब चालायचं तर कस लागतो तो पहिल्या चार दिवसांत. दम लवकर सरावतो, स्नायूही मागोमाग येतात. टाचेची कातडी, घोट्या-गुडघ्यांचे कंडरे आणि कंबर यांना मात्र वेळ लागतो. म्हणून मोठ्या वाटेवर निघायच्या आधी हे चार दिवस वेगळे काढून जवळपास चालून बघावेत, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

सोलापूरकरापुढे त्यासाठी दोन चांगल्या वाटा आहेत. एक, घराच्या दारातून निघून तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत पंढरपूर. मंगळवेढ्यापर्यंत 55 किलोमीटरच्या आसपास, पुढे आणखी पंचवीसएक. दुसरी, पुणं गाठून गुंजवण्यातून राजगड, तिथून डोंगराच्या धारेधारेने तोरणा आणि वेल्ह्याला उतार. अंतर बरंच कमी, पण तोरणा 1403 मीटर उंच आहे आणि सगळा हिशेब चढ-उताराचा आहे.

‘कोजागरीला तुळजापूरला चालत जातो, आम्हाला सराव कशाला?’ असं इथे कुणीही म्हणेल, आणि ते म्हणण्याचा सोलापूरकराला हक्क आहे. 45 किलोमीटर एका रात्रीत तोडणं ही लहान गोष्ट नाही. पण त्या रात्री हात मोकळे असतात. रस्ता वाहनांना बंद असतो, जागोजागी चहा-फराळ मिळतो, पुढे-मागे माणसांचा लोंढा आणि तोंडी आईचा उदो. सकाळी दर्शन झालं की गाडी धरून घरी यायचं आणि दिवसभर झोपायचं. लांबच्या वाटेवर ती झोप नसते. सूज उतरलेली नसताना त्याच बुटांत पाय घालून, तीच सॅक उचलून पुन्हा निघावं लागतं. सवय नसलेल्या कष्टाने स्नायू दुखतात तेही लगेच नाही, 24 ते 72 तासांत ते दुखणं टिपेला पोचतं. कोजागरीच्या रात्रीने एका दमात किती चालता ते कळतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, ते कळत नाही.

आता पंढरपूरची वाट. हिचा पहिला मोठा गुण असा की ओझं आणि पाय, या दोनच गोष्टी तपासायच्या असतात. वाट चुकण्याची धास्ती नाही, पाणी दर गावात मिळतं, हॉटेलात चहा-भजी आहेत. आठ-नऊ किलोची सॅक कशी बसते ते पहिल्या दोन तासांत समजतं. खांदे ओढले जात असतील तर कमरेचा पट्टा खाली घसरलाय असं समजा. तो कमरेच्या हाडावर घट्ट बसवला की बहुतेक भार कमरेवर जातो आणि खांद्यावर फक्त तोल राहतो.

तिऱ्ह्याला सीनेच्या पुलाजवळ थांबा आणि बूट-मोजे दोन्ही काढा. काही दुखत नसलं तरी काढा. टाचेच्या मागे, करंगळीच्या बाजूला, चवड्याखाली बोट फिरवा. कुठेतरी रुपयाएवढा भाग गुलाबी झालेला असतो आणि हाताला गरम लागतो. फोड तिथेच येणार असतो. पाय कोरडा पुसून, वारा लागू देऊन त्या जागी साधी कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावली आणि मोजे बदलले, तर फोड बहुतेक वेळा टळतो. हीच पट्टी कामतीला पोचल्यावर लावून उपयोग नसतो, तोवर कातडी सुटलेली असते. घाम आणि घासणं एकत्र आलं की फोड येतो, म्हणून कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी सॅकच्या वरच्या कप्प्यात हाताशी असावी.

डांबरी रस्त्याचा तोटाही मोठा आहे. जमीन एकसारखी, कठीण, त्यामुळे पाऊल दरवेळी त्याच जागी, तसंच आपटतं. नडगीचा पुढचा भाग आणि तळवा भरून येतात. रस्ता कडेला उतरता असल्याने एका कुशीवर जास्त जोर येतो. जिथे बाजूपट्टीवर मुरूम आहे तिथे त्यावरून चाला, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनेच चाला. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते, अंधारात चालू नका. सावली जवळजवळ नाही. मार्चनंतर हा बेत मनातून काढून टाका. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर खालून भाजून काढतं.

पौषात मात्र या वाटेसारखी वाट नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कुठे हुरड्याची आगटी पेटलेली, आणि शेतकरी ‘माउली, या’ म्हणून हाक मारतो. दुसऱ्या दिवशी जाणूनबुजून कमी चाला, माचणूरलाच थांबा. भीमेच्या काठचं सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळचा किल्ला, आणि पाय सोडून बसायला घाट. मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवा. तरुण मुलांना हा आखूड दिवस पटत नाही. पण पहिल्या दिवशीचं दुखणं वर येतं ते याच दिवशी, आणि त्यावर आणखी पंचवीस-तीस किलोमीटर लादले तर कंडरा दुखावतो. मंगळवेढ्याला तिसरा मुक्काम, संत दामाजीपंतांचं दर्शन, चौथ्या दिवशी पंढरी. मधे कुठेही नको वाटलं तर हात करून एसटी थांबवता येते.

राजगड-तोरणा नेमकी इथे वेगळी पडते. राजगडाची संजीवनी माची सोडून तोरण्याच्या धारेला लागलात की मधेच सोडून देणं सोपं नाही. मागे फिरा, नाहीतर पुढे जा, नाहीतर कुठल्यातरी सोंडेने एखाद्या वाडीत उतरा आणि तिथून गाडी शोधा. म्हणून नवख्याने या वाटेवर जाणत्या सोबतीशिवाय जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

पण ही वाट जे शिकवते ते मंगळवेढ्याचा रस्ता शिकवूच शकत नाही. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि सगळ्यात जास्त दुखतात ते असेच. राजगडाच्या अळू दरवाजाने उतरताना सुट्या खड्यांवर पाय सरकतो, पाठीवरची सॅक एका बाजूला कलते, बोटं बुटाच्या टोकाला टेकतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायला हवा होता हे तिथे समजतं, आणि काठीचं महत्त्वही. पाणी मोजून प्यायची शिस्तही इथलीच. धारेवर उन्हाळ्यात भरवशाचं पाणी नाही, तीन लिटर बरोबर घेतलं की तीन किलो वाढले. सोलापुरात याची पूर्वतयारी करायला डोंगर नाही. पार्क स्टेडियमच्या पायऱ्या सॅकसकट चढा आणि त्याहून सावकाश उतरा. गडावर मुक्काम करू देतात की नाही, ते निघण्याआधी विचारून घ्या.

खर्चाचं फार बोलण्यासारखं नाही. पंढरपूरला जेवण आणि परतीचं तिकीट, राजगडाला त्यात पुण्याचा रेल्वे-एसटी प्रवास आणि सोबतीचा खर्च.

सामानाबद्दल दोन गोष्टी. सोलापुरी चादर कितीही आपली असली तरी ती किलोच्या वर भरते आणि ओली झाली तर वाळत नाही. हलकी स्लीपिंग बॅग आणि टॉवेलऐवजी पंचा घ्या. खाण्यात मात्र आपण भाग्यवान आहोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्ही वाटांवर न्या. भाकरीत ओलावा नसल्याने ती टिकते, चटणीत तेल आणि मीठ दोन्ही असतं, घामाने गेलेलं मीठ भरून निघतं. फक्त भाकरी डब्यात ठेवा, सॅकमध्ये चुरा होतो.

माझा कौल पहिल्या खेपेला पंढरपूरला. परिक्रमेला जायचं असेल तर प्रश्नच नाही. तिथे गावागावांतून, आश्रमांचा आधार घेत, मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं असतं, आणि मंगळवेढ्याची वाट त्याच जातीची आहे. हिमालय ठरला असेल तरीही आधी हीच करा आणि मग राजगड-तोरणा. अपवाद एकच. पाठीवर ओझं घेऊन दोन-तीन दिवस सलग चालायची सवय ज्याला आधीपासून आहे, त्याने थेट गुंजवणं गाठावं, त्याचं काम उतारावरच आहे. दोन्ही करणार असाल तर मधे तीन-चार आठवडे जाऊ द्या आणि सॅकचं वजन दोन्हीकडे तेच ठेवा. नाहीतर त्रास वाटेचा झाला की ओझ्याचा, ते ठरवता येणार नाही.