क्रोम की फायरफॉक्स? आईला ब्राउझर शिकवताना

घरातलं कुणी साठीनंतर लॅपटॉप शिकायला बसलं की ब्राउझर कोणता, हा प्रश्न आपण विचारतसुद्धा नाही. जे समोर असतं ते उघडून देतो. मीही तेच केलं होतं. आई सदाशिव पेठेत राहते, मी दिवसभर हिंजवडीत असतो, त्यामुळे आमची शिकवणी रविवारी सकाळी आणि बाकीचा आठवडा फोनवर. पहिले सात महिने ती क्रोमवर शिकली, त्यानंतर आजतागायत फायरफॉक्सवर आहे. या दोन्ही अनुभवांतून जे जाणवलं ते लिहितो. प्रत्येक घरी असंच होईल असं नाही, पण निवड करायच्या आधी एवढं वाचलंत तर बरं.

सुरुवातीला एक दिलासा. रोजच्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. टॅब, मागे जायचा बाण, बुकमार्क (म्हणजे जपून ठेवलेले पत्ते), अक्षरं मोठी करायला कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, पानात शब्द शोधायला कंट्रोल-एफ. एकात शिकलेलं दुसऱ्यात वाया जात नाही. यातली एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकवा: कंट्रोल-शिफ्ट-टी. चुकून बंद झालेला टॅब त्याने परत येतो. त्याआधी आई माउसला हात लावायला घाबरायची. काहीतरी बंद होईल आणि परत मिळणार नाही, हीच धास्ती. बंद झालेलं परत येतं हे तिने स्वतः चार वेळा करून पाहिलं, मग जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर फळ्यावरच्या त्या सुबक अक्षरात ते लिहून लॅपटॉपशेजारी ठेवलं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय तिने. त्या दिवसापासून तिचा हात धजावला.

आता क्रोमची बाजू. ती कमकुवत अजिबात नाही. फोन अँड्रॉइडचा असेल आणि दोन्हीकडे एकच खातं असेल, तर बुकमार्क आणि पासवर्ड आपोआप इकडून तिकडे येतात. इंग्रजी पानावर राइट क्लिक करून ते मराठीत वाचता येतं. भाषांतर ओबडधोबड असतं, पण औषधाची माहिती किंवा बियाण्याच्या सूचना कळण्यापुरतं पुरतं. शिवाय अडलं तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलालाही क्रोम माहीत असतं, ही सोय मोठी आहे. मेनू मराठीत करायची सोय दोन्हीत आहे, पण आम्ही इंग्रजीच ठेवले, कारण फोनवरून सांगताना मला इंग्रजी नावंच पाठ.

मग ब्राउझर का बदलला? कारण एकच, आणि ते वर दिसणाऱ्या त्या लांब पट्टीत आहे.

क्रोम 2008 साली आलं तेव्हापासून त्यात पत्ता लिहायची आणि शोधायची जागा एकच आहे. आपल्याला ती सोयीची वाटते, कारण आपल्याला पत्ता म्हणजे काय आणि शोध म्हणजे काय हे आधीपासून ठाऊक आहे. नव्याने शिकणाऱ्याला त्या पट्टीतून हा फरक कधी कळतच नाही. काहीही लिहा, काहीतरी उघडतंच. आईच्या मनात पक्कं बसलं होतं की इथे नाव लिहायचं आणि जे पहिलं येईल ते दाबायचं.

भोर तालुक्यात आजोबांची थोडी जमीन आहे, तिचा सातबारा तिला पाहायचा होता. तिने पट्टीत ‘सातबारा’ लिहिलं आणि पहिलं आलेलं दाबलं. ते प्रायोजित होतं, म्हणजे पैसे देऊन वर आणलेलं. कुठलीशी खाजगी साइट. तिच्यावर अशोकस्तंभाशी मिळतंजुळतं चित्र, गावाचं नाव विचारणारा फॉर्म आणि शेवटी ‘सेवाशुल्क’ म्हणून तीनशे रुपये. तिने ते भरले. हातात काही पडलं नाही. वास्तविक भूलेखच्या सरकारी साइटवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर दिला की सातबारा फुकट पाहता येतो, आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये लागतात.

तीनशे रुपयांचं काही नाही. पण संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, “मला नाही रे जमायचं हे. तू येशील तेव्हाच बघू.” ते मला फार लागलं. दोष त्या साइटचा होता, ब्राउझरचा नाही, हे स्पष्टच सांगतो. फायरफॉक्समध्ये शोधलं असतं तरी ती जाहिरात तशीच वर आली असती. प्रश्न होता तो तिने शोधावंच का लागावं, हा.

फायरफॉक्समध्ये शोधाची चौकट वेगळी ठेवता येते. 2017च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे 57व्या आवृत्तीच्या आधी, ती वेगळीच असायची. आता नव्याने टाकलं की एकच पट्टी दिसते, पण टूलबारवर राइट क्लिक करून कस्टमाइझ निवडायचं आणि शोधाची चौकट ओढून वर आणून ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे. मी आणखी एक केलं: अबाउट कॉन्फिगमध्ये, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन ‘कीवर्ड डॉट एनेबल्ड’ हे फॉल्स, म्हणजे बंद केलं. त्याने पत्त्याच्या पट्टीत नुसता शब्द लिहिला तर फायरफॉक्स तो शोधायला जात नाही, पत्ता सापडला नाही असं सरळ सांगतं. जाणत्या माणसाला हे जाचक वाटेल. आईला मात्र याच निरोपाने शिकवलं.

पुढच्या रविवारी मी तिला दोन्ही चौकटी दाखवल्या. डावीकडे पत्ता, उजवीकडे विचारणं. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे घर माहीत असलं की डावीकडे, आणि चौकात थांबून कुणाला विचारायचं असलं की उजवीकडे.” सात महिन्यांत मला जे सांगता आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. मग आम्ही पत्ता शेवटाकडून वाचायला शिकलो: आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे का, मग त्याच्या अलीकडे काय लिहिलंय. व्याकरण शिकवलेल्या माणसाला शब्दाची अशी फोड करायला मजा येते, तिने वही काढून पाच-सहा पत्ते फोडून ठेवले.

बाकीचे फायदे छोटे, पण रोजचे. लेख उघडला की पत्त्याच्या पट्टीत कागदासारखं एक चिन्ह येतं. ते किंवा एफ-9 दाबलं की जाहिराती, व्हिडिओ सगळं जाऊन नुसता मजकूर मोठ्या अक्षरांत उरतो. ती अग्रलेख असेच वाचते. क्रोममध्ये वाचनाची सोय आहे, पण आम्ही वापरत होतो तेव्हा ती बाजूच्या कप्प्यात उघडायची आणि मूळ पान शेजारी तसंच हलत राहायचं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही फायरफॉक्सवर पूर्ण चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रॅमचे, नियम बदलल्यापासून तिथे त्याची हलकी आवृत्तीच उरली आहे. आणि टूलबारवर राइट क्लिक करून जुन्यासारखा शब्दांचा मेनू कायमचा वर ठेवता येतो. फोनवर “तीन आडव्या रेघा शोध” म्हणण्यापेक्षा “हिस्ट्री हा शब्द दाब” म्हणणं किती सोपं पडतं, ते दूर राहून शिकवणाऱ्यालाच कळेल.

उणं काय? बिल भरायच्या एका साइटवर फायरफॉक्समध्ये शेवटचं बटण दाबूनही पुढे जात नाही, त्यामुळे क्रोम मी काढलेलं नाही. त्या कामापुरतं ती ते उघडते. तुमच्या घरच्यांचं सगळं फोनवरच चालत असेल, लॅपटॉप महिन्यातून एकदा उघडत असेल, तर क्रोमच राहू द्या, बदलायचा खटाटोप करू नका. पण कुणी खरोखर शिकायला बसलं असेल, तर माझा कल कुठे आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तसं ठरलंच तर पहिल्या धड्याच्या आधी तुम्ही स्वतः बसून एवढं करा: चौकटी वेगळ्या करा, शब्दांचा मेनू वर आणा, अक्षरं 120 टक्के करा आणि लागणारे चार सरकारी पत्ते बुकमार्कच्या पट्टीवर मराठी नावांनी ठेवा. आईच्या पट्टीवर पहिलं नाव ‘सातबारा’ आहे. ते तिने स्वतः लिहिलंय.