लोणारला नेण्याआधी पोरांना काय दाखवायचं?

दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव. वाचनालयात एक प्रोजेक्टर आहे आणि तो चालवणारा मीच. सहलीचे दिवस आले की जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी डोकावतात. "भाऊ, पोराईले लोणारले नेतो म्हनलं. अगोदर काय दाखवू?" कुणी चिखलदऱ्याला नेणार असतं. प्रश्न मात्र तोच. मोठ्या वाहिनीचा तासाभराचा माहितीपट लावायचा, यूट्यूबवरच्या एखाद्या मराठी भटक्याचा वीस मिनिटांचा व्हिडिओ लावायचा, की तिथल्याच माणसानं फोनवर काढलेला, हलणारा, वाऱ्याचा घूं घूं आवाज असलेला तुकडा? तिन्ही प्रकार मी पोरांसमोर लावून पाहिले आहेत.

लोणारपुरतं बोलायचं तर सुरुवात मोठ्या माहितीपटाचीच. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा काठावर उभं राहून एका नजरेत मावत नाही. वरून घेतलेल्या चित्रात मात्र त्याची वाटी दिसते, आणि आकाशातून काहीतरी येऊन आदळलं हे पोरांना सांगावं लागत नाही. बेसाल्टसारख्या काळ्या पाषाणात उल्का आदळून असं विवर होणं का दुर्मिळ, हेही चित्रं काढून दाखवावं तर यांनीच.

पण वयाचा आकडा आला की मी कान टवकारतो. बऱ्याच माहितीपटांत विवर पन्नास-बावन्न हजार वर्षांचं असल्याचं भारदस्त आवाजात सांगून टाकतात. तो अंदाज जुन्या पद्धतीच्या मोजणीतून आला. नंतर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून खडकाचं वय काढलं, तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. फरक थोडाथोडका नाही, दहापटीहून जास्त! जो माहितीपट दोन्ही आकडे सांगतो, तो ठेवा. एकच आकडा ठोकून देणारा लावलात, तर दुसरा आकडा तुम्ही तोंडानं सांगा.

मराठी भटक्यांची गोष्ट वेगळी. भाषा आपली, पोरं हसतात. मेहकरहून एसटी किती वाजता, उतरणीवर चप्पल चालेल का, माकडं पिशवी ओढतात का, हे सगळं त्यांच्याकडूनच कळतं. वाहिनीवाल्यांना त्याचं काय पडलंय! खोट आहे ती घाईत. दैत्यसूदन मंदिरात गेले की कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे. छतावरचं कोरीव काम पाहायला मान वर करून दोन मिनिटं तरी उभं राहावं लागतं, ते चार सेकंदांत उरकतात. शिवाय होकायंत्राची सुई फिरवून दाखवतात आणि हा उल्केचाच दगड, असं जाहीर करून मोकळे होतात. बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, सुई हलली तर नवल नाही. २०२० च्या जूनमध्ये विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा तर चमत्कारांचा पूर आला होता. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याचं कारण निघालं. त्यातले काही व्हिडिओ अजून फिरतात, लावण्याआधी एकदा स्वतः पाहा.

तिसरा प्रकार गुरुजींना कधीच आधी सुचत नाही. माझ्याकडे एक सहा मिनिटांचा तुकडा आहे, एका ओळखीच्या माणसानं पाठवलेला. त्यात संगीत नाही, शीर्षक नाही. तो तळ्याकाठी उकिडवा बसतो, ओंजळभर पाणी घेतो आणि पुडीतली चिमूटभर हळद त्यात टाकतो. ओंजळ लालभडक! मग एवढंच म्हणतो, "पाहा, खार हाये." वाहिनीच्या माहितीपटात याच जागी पाण्याचा पीएच दहाच्या वर, म्हणजे पाण्यात भरपूर खार असल्याचं सांगितलं होतं आणि मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना चिमटे काढत होती. हळद लाल झाली तेव्हा अख्खी खोली उठून पडद्याजवळ आली. एकीनं विचारलं, "आपल्या पापडातला खार असाच असते का जी?" मग अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात लोणारचा उल्लेख आहे, इथला खार काच आणि साबण करायला जायचा, हे सांगायला मला आयती वाट मिळाली.

म्हणून लोणारसाठी माझी जोडी ठरलेली: वाहिनीची पहिली दहा मिनिटं, नंतर हा तुकडा. भटक्याचा व्हिडिओ गुरुजींनी एकट्यानं पाहावा, गाडीच्या आणि जेवणाच्या सोयीसाठी.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला ही जोडी चालत नाही. तिथे फोनवरच्या तुकड्यात नुसती तटबंदी आणि गवत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गड घेतला. तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेच्या अंगाला का ओढून नेल्या, हे जमिनीवरून कितीही चाललात तरी उमजत नाही. वरून पाहिलं की बाकी बाजूंचे कडे आणि उत्तरेची सोंड लगेच कळते. ड्रोनला नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो, गाविलगडापुरती मी माघार घेतो. परवानगी काढून नीट चित्रित केलेलं काही मिळालं तर तेच लावा.

आणि शकुंतला? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ती छोटी गाडी आता धावत नाही, म्हणजे तिथे सहल न्यायचा प्रश्नच मिटला. तिचं मँचेस्टरला बनलेलं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आमच्या दारव्ह्यावरून जायची ती, मी तिच्यात बसलोय. तिच्यासाठी जुनं चित्रण जे मिळेल ते, कसंही, धुरकट असलं तरी. फक्त आवाज हवा.

एक व्यवहाराचं. रोजच्या दीड जीबीत तासाभराचा माहितीपट वर्गात थेट चालवायच्या फंदात पडू नका, मधेच गोल फिरत बसतो. आदल्या रात्री उतरवून ठेवा. हिंदी डबिंग असेल तर दर पाच मिनिटांनी थांबवा आणि आपल्या बोलीत सांगा.

यंदा पाचवी-सहावीची सहल लोणारला गेली. एसटीत चढताना तिघांच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली हळदीची पुडी होती. त्यातली एक वाटेतच फुटली.